सापळा, घट आणि पर्ण : डार्विनच्या एका ग्रंथाची परिभाषा

चार्ल्स डार्विनचा कीटकभक्षी वनस्पतींवरील ग्रंथ १८७५ साली प्रसिद्ध झाला. वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याचा परामर्श वेळोवेळी घेतला आहे. प्रस्तुत टिपणात त्याकडे भाषाभ्यासकाच्या दृष्टीने पाहावयाचे आहे. ज्या रचनेमागे कोणाचाही हेतू नाही तिचे वर्णन 'सापळा', 'भक्ष्य' अशा हेतुसूचक शब्दांत केल्यास ज्ञानाला बाध येतो काय, आणि येत असल्यास नेमका कोठे, हा आपल्यापुढील प्रश्न होय.

रूपक सर्वत्र त्याज्य असते असे मुळीच नाही. कॅरोलायनातील एका वनस्पतीचे वर्णन जॉन एलिस याने लिनिअसला लिहिलेल्या पत्राच्या रूपाने १७६९ च्या सुमारास प्रसिद्ध केले व तिला 'डायोनिया मस्किप्युला' असे नाव दिले. लॅटिनमध्ये 'मस्किप्युला' म्हणजे उंदराचा सापळा. या वनस्पतीच्या पानावरील संवेदनशील केसांना सुमारे वीस सेकंदांच्या आत दोनदा स्पर्श झाला, की पानाची दोन दले सेकंदाच्या दहाव्या भागात मिटतात. एलिसला यात अन्नग्रहण दिसले. लिनिअसने मात्र या हालचालीस लाजाळूच्या पानांच्या पंक्तीस बसविले आणि कीटकाचे सापडणे हा योगायोग मानला. रूपक वापरणारा येथे सत्याच्या अधिक जवळ होता, हे नमूद करणे प्राप्त आहे.

डार्विनची थोरवी अशी की, त्याने हे रूपक प्रयोगाच्या कसोटीस लावले. ग्रंथाच्या अठरा प्रकरणांपैकी पहिली अकरा त्याने ड्रॉसेरा म्हणजे दवबिंदू या वनस्पतीच्या एकाच जातीस दिली आहेत. पानावर मांसाचे व अंड्याच्या पांढऱ्या बलकाचे कण ठेवावे, तसेच काचेचे व लाकडाचेही ठेवावे आणि प्रतिसादातील भेद टिपावा, ही त्याची पद्धती. नत्रयुक्त पदार्थांभोवती पान अधिक काळ मिटून राहते आणि त्यांवर आम्ल व पाचक द्रव स्रवतो, असे त्याने दाखविले. ग्रंथियुक्त केसांना त्याने प्राणिशास्त्रातील 'स्पर्शक' या अर्थाचा शब्द योजला. पण प्रत्येक केस मोजून, वाकण्याचा काळ नोंदवून त्या शब्दाचे मोलही चुकते केले. अशा आहाराने रोपास खरोखर लाभ होतो, याचा भक्कम पुरावा पुढे १८७८ मध्ये त्याचा पुत्र फ्रान्सिस याने दिला. कीटक पुरविलेल्या रोपांना अधिक बी धरते, असे त्याला आढळले.

तथापि युट्रिक्युलेरियाच्या प्रकरणात हीच परिभाषा अपुरी पडते. या वनस्पतीच्या सूक्ष्म फुग्यांना झडप असते. जलजंतू डोक्याची पाचर करून ती ढकलतात व आत अडकतात, असे डार्विनने मानले. वस्तुतः फुगा आतील पाणी बाहेर टाकून आपल्या ठिकाणी कमी दाब निर्माण करतो आणि दारावरील केसाला धक्का लागताच सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी काळात पाण्यासह जंतूला आत ओढतो. हा वेग डोळ्याला दिसणे अशक्य, म्हणून दोष केवळ शब्दावर टाकता येत नाही. पण 'दार असलेला सापळा' हे चित्र मनात पक्के झाल्यावर शिकार आपल्या पायांनी आत जाते, हे गृहीत धरणे सोपे झाले असावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

खरी अडचण उत्क्रांतीच्या विवेचनात उद्भवते. फारसी 'बद' आणि इंग्रजी 'बॅड' यांचा ध्वनी व अर्थ सारखा. पण त्यांचा वंश एक नाही. उलट संस्कृत 'चक्र' व इंग्रजी 'व्हील' यांत वरकरणी साम्य नसता ते एकाच मूळ शब्दाचे वंशज आहेत. सापळ्यांचेही तसेच आहे. खासी टेकड्यांतील नेपेंथिस, उत्तर अमेरिकेतील सॅरासेनिया आणि ऑस्ट्रेलियातील सेफॅलोटस यांचे घट एकसारखे दिसत असले, तरी ते तीन स्वतंत्र वंशांत निर्माण झाले. याउलट दवबिंदूचे चिकट केस व डायोनियाची मिटणारी दले दिसावयास निराळी असूनही एकाच कुलातील आहेत. डायोनिया व पाण्यात वाढणारी आल्ड्रोवँडा यांचा मिटणारा सापळा एकाच पूर्वजाकडून आला, हे २००२ मधील रेणवीय अभ्यासाने दाखविले. पाचक द्रव्येही नव्याने अवतरलेली नाहीत. रोगजंतू व कीटक यांपासून बचाव करणारी जुनी प्रथिनेच निरनिराळ्या वंशांत या कामी आली, असे २०१७ मधील सेफॅलोटसच्या जनुकसंचाच्या अभ्यासातून दिसून आले. 'सापळा' हा शब्द कार्य सांगतो, कूळ सांगत नाही.

या दृष्टीने मराठी नावे तपासण्याजोगी आहेत. कास पठारावर बहरणारी 'सीतेची आसवे' युट्रिक्युलेरिया प्रजातीतील होत. फूल पाहून दिलेल्या या नावात जमिनीतील फुग्यांचा मागमूस नाही. 'दवबिंदू' हे नावही केवळ रूपावर थांबते. 'घटपर्णी' मात्र एकाच समासात दोन गोष्टी सांगते : आजचा आकार घटाचा, मूळ अवयव पर्ण. नेपेंथिसचा घट हे पानाचेच रूपांतर असल्याने या नावात त्याचा इतिहासच सामावला आहे. अध्यापनात 'सापळा' हा शब्द कार्यापुरता अवश्य ठेवावा. पण वंशविचार करताना पान, केस, ग्रंथी अशी अवयवांचीच नावे घ्यावीत. डार्विनचा ग्रंथ आजही वाचनीय ठरतो तो यामुळेच : त्याचे रूपक जेथे अपुरे पडते, तेथेही त्याने नोंदविलेल्या निरीक्षणांवरून वाचकास ती उणीव शोधता येते.