सूर न लागलेल्यांचा सिनेमा

‘कट्यार काळजात घुसली’ची (२०१५) गाणी मी अजूनही ऐकते, पण सिनेमा पुन्हा पाहवला नाही. तिथे सदाशिवच्या गळ्यात सूर आहेच. तो जगाला कधी कळणार, एवढाच प्रश्न.

चैतन्य ताम्हाणेचा ‘द डिसायपल’ (२०२०) अवघड प्रश्न विचारतो: सूर नसेलच तर? शरद नेरुळकर घासून रियाज करतो, आजारी गुरुजींची सेवा करतो, रात्री मोटरसायकलवर माईंची व्याख्यानं ऐकत मुंबईभर फिरतो. तरी गाणं फुलत नाही. शरद झालेला आदित्य मोडक स्वतः तयारीचा गायक. त्याने बेताचं गाणं इतक्या प्रामाणिकपणे गावं, हे मला सगळ्यात भावलं.

मेहनत वाया जात नाही, हे आपण लहानपणापासून ऐकतो. हा सिनेमा ते वाक्य आवाज न चढवता खोडतो. मित्रांना तो रटाळ वाटला. संथ आहेच. पण वर्षानुवर्षं एकाच गोष्टीमागे लागून ती हाती न येणं संथच असतं. स्पर्धा परीक्षेचे चार-पाच प्रयत्न संपवलेल्या कुणालाही विचारा, शरद त्यांच्या ओळखीचा निघेल.