ऐकण्याला गुण किती?

शाळेच्या स्नेहसंमेलनातील नाटकावर टीकालेख लिहावा, असे सहसा कोणाला वाटत नाही. मुलांचेच ते; पालकांना कौतुक असते, शिक्षक तालमींनी थकलेले असतात, आणि दोन दिवसांत मंडपही उतरतो. पण आमच्या मिठबावसारख्या गावात बहुतेक माणसे आयुष्यात रंगमंचावर चढतात ती शाळेतच. चारचौघांसमोर बोलायचे कसे, याविषयीची त्यांची कल्पना तेथेच पक्की होते. पुढे ग्रामसभेत, सोयरिकीच्या बैठकीत, कचेरीत साहेबापुढे तीच उपयोगी पडते किंवा नडते. तेव्हा या प्रकाराकडे जरा गंभीरपणे पाहावयास हरकत नसावी.

माझी तक्रार एकच आहे. आपण मुलांना बोलायला शिकवतो, ऐकायला शिकवीत नाही.

शिवरायांच्या दरबाराचा नेहमीचा प्रवेश घ्या. हेर धापा टाकीत येतो, खान वाईला पोहोचल्याची बातमी देतो; आणि महाराज त्याचे शेवटचे अक्षर कधी संपते याची वाट पाहत असतात, कारण त्या अक्षरावर त्यांचे भाषण सुरू व्हावयाचे असते. बातमी त्यांच्या चेहऱ्यावर उमटत नाही. उमटायला सवडच नसते. बाजूचे दोघे भालदार तर सबंध प्रवेशभर प्रेक्षकांत आपापली आई शोधीत असतात. हा दोष मुलांचा नव्हे. प्रत्येकाला आपली नक्कल तेवढी उतरवून दिलेली असते. दुसऱ्याचे वाक्य म्हणजे मधला खोळंबा. वक्तृत्वस्पर्धेत तर दुसरा माणूसच नाही. 'मोबाईल: शाप की वरदान' यावर कोणा मोठ्या माणसाने लिहिलेले भाषण, ठरल्या वाक्याला मूठ वळते, ठरल्या वाक्याला बोट आभाळाकडे जाते. परीक्षकांच्या कागदावर उच्चार, पाठांतर, हावभाव, सभाधीटपणा असे रकाने असतात. ऐकण्याचा रकाना मी तरी अजून पाहिलेला नाही.

या रोगाचा सर्वांत मोठा बळी म्हणजे नाट्यछटा. हा प्रकार मराठीत रुजवला दिवाकरांनी, म्हणजे शंकर काशीनाथ गर्गे (१८८९–१९३१) यांनी. ते स्वतः पुण्यात शिक्षक होते. इंग्रज कवी ब्राउनिंग याच्या नाट्यमय स्वगतांचा त्यांच्यावर प्रभाव होता. नाट्यछटेत बोलणारा एकच असतो, पण माणसे दोन असतात, कधी तीन. दुसऱ्याचे शब्द आपल्या कानी येत नाहीत. ते पहिल्याच्या उत्तरावरून, अर्ध्यावर तुटलेल्या वाक्यावरून आपण ताडायचे. छापील पानावर जागोजाग टिंबे दिसतात. त्या टिंबांत दुसरा माणूस बोलत असतो! तेथे नट खरोखर ऐकताना दिसला नाही, तर उरते ते एका माणसाचे असंबद्ध बडबडणे. आणि आमच्या स्पर्धांतून मुले नेमकी ही टिंबे गिळतात; तीन मिनिटांची मर्यादा, घंटेची धास्ती, एका दमात सगळे म्हणून मोकळे. शिवाय दिवाकरांची कितीतरी पात्रे बोलता बोलता आपलेच ढोंग उघडे करीत असतात, आणि गंमत अशी, की ते त्यांना स्वतःला कळत नाही. मुलाला ही मेख कोणी सांगतच नाही. मग तो त्या ढोंग्याचे बोलणे सुविचारासारखे, छाती काढून, प्रेक्षकांकडे तोंड करून म्हणतो आणि ढाल घेऊन घरी जातो.

ही उणीव आमच्या भागात असावी, याचे मला विशेष नवल वाटते. पावसाळा सरला, जत्रा सुरू झाल्या, की गावोगावच्या देवळांपुढे रात्रभर दशावतार उभा राहतो. आणि दशावताराला लिहिलेली संहिता परंपरेने नसते. आख्यान ठरते, सोंगे ठरतात. संवाद जागच्या जागी जुळवायचे. समोरचा राजा काय बोलेल हे ठाऊक नसल्यामुळे राणीला ते ऐकावेच लागते, आणि पेटीवाल्यालाही दोघांवर कान ठेवावा लागतो. लांबण पुष्कळ लागते, अलीकडे चमत्कारदृश्यांचा सोसही वाढला आहे, हे खरे. पण न ऐकणारा नट तेथे पहिल्या घटकेतच उघडा पडतो.

मात्र शाळा बंद करून मुलांना दशावतारात धाडा, असे मी म्हणत नाही. तो पुरुषांचा रंगमंच. राणीचे लुगडेही पुरुषच नेसतो. अलीकडे काही स्त्रियांनीही दशावतार केले आहेत, पण गावातल्या सर्वसाधारण मुलीला उभे राहायला जागा मिळते ती शाळेच्या त्या चार फळ्यांवरच. म्हणून तर तिला तेथे काय मिळते, याची मला काळजी.

दशावतारात आणखी एक गोष्ट असते. पूर्वरंगातला काळा संकासुर मालवणीत गप्पा ठोकतो, आणि पुढे आख्यानातले राजे संस्कृतप्रचुर मराठी बोलतात; दोन्ही भाषा एकाच जागी नांदतात. शाळेच्या नाटकात मालवणी मिळते फक्त गड्याला किंवा दारुड्याला. गंगाराम गवाणकरांचे 'वस्त्रहरण' १९८० साली आले, मच्छिंद्र कांबळींनी त्याचे हजारो प्रयोग केले. तरी आम्ही त्यातून घेतला तो हशा. घरी 'माका' म्हणणारी मुलगी मंचावर एकदम 'मजला' म्हणू लागते, तिचा हेल आम्ही दटावून काढतो, आणि मग उच्चार सांभाळण्यातच तिचा सारा जीव गुंतून पडतो. समोरचे ऐकणार कोण?

मुंबईत सुधा करमरकरांनी १९५९ साली रत्नाकर मतकरींच्या 'मधुमंजिरी'ने बालरंगभूमीचा प्रपंच मांडला, तो मुलांना त्यांच्या हक्काचे नाटक पाहायला मिळावे म्हणून. आज गावोगावच्या शाळा मोबाईलवर कोणातरी नटाचे काम पाहून ते स्वरासकट उतरवून घेतात. त्याविषयी अधिक काय लिहावे?

उपाय फार खर्चाचा नाही. पहिले आठ दिवस नक्कल वाटूच नये. प्रसंग सांगावा आणि मुलांना तो मालवणीत, आपल्या शब्दांत करू द्यावा. नाट्यछटेच्या तालमीला समोर खुर्ची मांडून तीवर दुसऱ्या एखाद्या मुलीला बसवावे, आणि छापील टिंबांच्या जागी तिला खरोखर बोलायला लावावे. चार-सहा तालमी अशा झाल्या, की तिला उठवावे. खुर्ची तेवढी राहू द्यावी. स्पर्धेच्या दिवशी खुर्चीही काढून घ्यावी, म्हणजे एकपात्रीच्या नियमाला बाध यायला नको.