कोयनेचा भूकंप नक्की कुठल्या तारखेचा? सी प्रोग्रामच्या पोर्टेबिलिटीबद्दल थोडी टीका

आधी एक साधा प्रश्न. कोयनेचा मोठा भूकंप कधी झाला?

आमच्या पोफळीत, चिपळूणला किंवा घाटावर पाटणला कुणाही जाणत्या माणसाला विचारा. उत्तर येईल, ११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. आता एखादा आंतरराष्ट्रीय भूकंप-कॅटलॉग उघडा. तिथे १० डिसेंबर १९६७, २२ वाजून ५१ मिनिटं असं दिसेल. चूक कुणाचीच नाही. आपली प्रमाणवेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे आहे. पोफळीत पहाट झाली होती तेव्हा यूटीसीत आदला दिवस संपायचा होता.

आता हा भूकंप सी प्रोग्रामला द्या, त्याचे सेकंद काढायला सांगा आणि तोच प्रोग्राम वेगवेगळ्या मशिनवर चालवा. उत्तरं वेगळी येतात आणि त्यातली काही सरळ चुकीची असतात. पीएचडीच्या तयारीत असलेल्या आणि "सी येतं मला" असं म्हणणाऱ्या प्रत्येकाने ही चाचणी एकदा करून बघावी असं मला वाटतं. आपण सी कसं शिकतो, संशोधनात ते कसं वापरतो आणि त्यात काय बिघडलंय हे या एका तारखेवरून कळतं.

आधी हाताने गणित

बहुतेक सिस्टीममध्ये वेळ म्हणजे १ जानेवारी १९७०, यूटीसी मध्यरात्रीपासून मोजलेले सेकंद. आपला भूकंप त्याच्या आधीचा, म्हणून आकडा ऋण येणार. १० डिसेंबर १९६७ ते १० डिसेंबर १९६९ हे ७३१ दिवस (१९६८ लीप वर्ष होतं), पुढे १ जानेवारी १९७० पर्यंत २२ दिवस. एकूण ७५३ दिवस, म्हणजे ६,५०,५९,२०० सेकंद. त्यातून १० तारखेचे २२ तास ५१ मिनिटांचे ८२,२६० सेकंद वजा केले की उरतात ६,४९,७६,९४०. उत्तर: उणे ६,४९,७६,९४०.

हा आकडा वहीत लिहून ठेवा. प्रोग्राम चालवायच्या आधी बरोबर उत्तर माहीत असणं हीच पोर्टेबिलिटीची पहिली पायरी, आणि नेमकी हीच आपण गाळतो.

मशिन काय म्हणतं

सी-मध्ये तारखेवरून सेकंद काढायला 'टाइम डॉट एच'मधलं 'एमकेटाइम' हे फंक्शन आहे. त्याला ११ डिसेंबर १९६७, ४ वाजून २१ मिनिटं द्या.

तुमच्या लिनक्स लॅपटॉपवर भारतीय वेळ लावलेली असेल तर बरोबर उत्तर येईल. तोच प्रोग्राम विभागाच्या सर्व्हरवर चालवा. सर्व्हरची वेळ बहुधा यूटीसीवर असते आणि 'एमकेटाइम' दिलेली वेळ स्थानिक समजतं. त्यामुळे उत्तर १९,८०० सेकंदांनी, म्हणजे साडेपाच तासांनी चुकतं. कंपायलर एका शब्दाने तक्रार करत नाही.

विंडोजवर मायक्रोसॉफ्टच्या लायब्ररीने चालवलंत तर उत्तर येतं उणे १. ही लायब्ररी १९७०च्या आधीच्या तारखा स्वीकारतच नाही आणि उणे १ हा तिचा 'जमलं नाही' असं सांगण्याचा मार्ग आहे. हे तपासलं नाही, तो उणे १ फाइलमध्ये गेला आणि फाइल पुढच्या टप्प्यासाठी लिनक्सवर आली, तर लिनक्स त्याचा अर्थ लावतं ३१ डिसेंबर १९६९, रात्री ११.५९.५९ यूटीसी. कोयनेचा भूकंप दोन वर्षं पुढे सरकला आणि कुणाला पत्ताही नाही!

"एका जुन्या भूकंपाने काय फरक पडतो?" असं म्हणू नका. शिवाजीसागरात पाणी भरायला सुरुवात झाली ती १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला. भूकंपांची मालिका त्याच काळात सुरू झाली, १३ सप्टेंबर १९६७चा धक्का त्यातलाच. जलाशय भरणं आणि भूकंप यांचा संबंध तपासायचा तर पहिली सात-आठ वर्षं सर्वांत महत्त्वाची, आणि १९७०च्या अलीकडचंच घड्याळ मानणारा प्रोग्राम नेमकी तीच गिळतो. शिवाय दिवसांचाही घोळ आहे. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला, म्हणजे यूटीसी ३ वाजता संपतो. भूकंपाचा कॅटलॉग यूटीसीत. दोन्ही रकाने नुसत्या 'तारखे'वर जुळवलेत तर काही भूकंप शेजारच्या दिवसाच्या पावसाला चिकटणार. पावसाळ्यातल्या सह्याद्रीत एका दिवसाचा पाऊस म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

दोष कुणाचा? पहिला आरोपी: आपली प्रयोगशाळा

महाराष्ट्रात सी शिकलेल्या बहुतेकांच्या हातून यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' गेलेलं असतं. नागपूरच्या या लेखकाने सी आपल्याकडे घरोघरी नेलं, हे आधी मान्य करू. 'टर्बो सी'ची सवय, दोन बाइटचा 'इंट', 'कोनिओ डॉट एच', शेवटी 'गेटसीएच' या सगळ्याचं खापर त्या पुस्तकावर फोडायची फॅशन आहे. मला ती अर्धवट वाटते. २००४च्या पाचव्या आवृत्तीत लेखकानेच डॉसच्या जगातून बाहेर पडायची गरज मांडली आणि विंडोज व लिनक्सवर प्रकरणं घातली. पूर्णांकाची मर्यादा कंपायलरवर अवलंबून असते, हेही पुस्तकात आहे.

म्हणजे पुस्तक पुढे गेलं, प्रयोगशाळा मागे राहिली. बोरलँडचं टर्बो सी १९८७चं. ते ६४-बिट विंडोजवर सरळ चालत नाही, म्हणून डॉसबॉक्समध्ये जुनं डॉस उभं करून त्यात ते चालवायचं! टर्बो सी++ ३ सुद्धा १९९९च्या सी मानकाच्या आधीचं. त्यामुळे ठराविक रुंदीचे पूर्णांक देणारी 'एसटीडीइंट डॉट एच' ही फाइल त्यात नाही. जो विद्यार्थी फक्त यावर शिकला त्याला 'पोर्टेबल' हा शब्द व्याख्येपुरता माहीत असतो. "सी इज पोर्टेबल, दोन मार्क." एकच प्रोग्राम दोन कंपायलरवर चालवून बघा, असं प्रात्यक्षिक किती जर्नलमध्ये असतं? माझ्या मते टीकेचं खरं ठिकाण हे आहे. पोर्टेबिलिटी हा भाषेचा गुण म्हणून शिकवला जातो, प्रत्यक्षात तो लिहिणाऱ्याने कमवायचा असतो.

दुसरा आरोपी: खुद्द मानक

इथे मात्र भाषेलाही सोडायला नको. सी-चं मानक 'टाइम_टी'मध्ये काय साठवलंय हे सांगत नाही. ते सेकंद असतील, १९७०पासून असतील, अशी हमी मानकात नाही. ती हमी पॉझिक्स देतं, आणि तेही १९७०च्या आधीच्या वेळांबद्दल हात वर करतं. यूटीसी तारखेवरून थेट सेकंद काढणारं 'टाइमजीएम' हे फंक्शन अनेक सिस्टीमवर वर्षानुवर्षं होतं, विंडोजवर वेगळ्या नावाने होतं, पण मानकात आलं ते सी२३मध्ये.

म्हणजे मायक्रोसॉफ्टची लायब्ररी उणे १ देते तेव्हा ती मानक मोडत नाही. लिनक्स उत्तर देतं ते मानकाच्या पुढे जाऊन दिलेली सोय आहे. नवशिक्याला वाटतं की प्रोग्राम एका मशिनवर बरोबर चालला म्हणजे तो बरोबरच आहे. पण सी-मध्ये 'चालला' आणि 'चालण्याची हमी आहे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

"मग पायथन वापरा ना!" असं कुणी म्हणेलच. जरूर वापरा. पण विंडोजवर पायथनला ऋण टाइमस्टॅम्पवरून तारीख मागितली की तिथेही एरर येते, कारण खाली सी-चीच लायब्ररी आहे. भूकंपशास्त्रात सगळे वापरतात ते ऑबस्पायसुद्धा मिनीसीड फाइल वाचायला आत सी-मधलं लिबएमसीड वापरतं. वरचा मजला बदलला तरी पाया तोच.

तिसरा आरोपी: आपल्या सवयी

तारखेइतक्याच आणखी तीन जागा सांगतो. भूकंपाचा डेटा वाचताना त्या हमखास आडव्या येतात.

एक, 'लाँग'. ६४-बिट लिनक्स आणि मॅकवर तो ८ बाइटचा, ६४-बिट विंडोजवर ४ बाइटचा. सॅक फाइलचं हेडर ६३२ बाइटचं असतं: ७० दशांश संख्या, ४० पूर्णांक, सगळे चार-चार बाइटचे, आणि १९२ बाइट अक्षरं. त्या पूर्णांकांना तुम्ही 'लाँग' म्हटलंत की विंडोजवर सगळं छान, लिनक्सवर १६० बाइटच्या जागी ३२० वाचले जाणार आणि पुढचं सगळं घसरणार. 'इंट३२_टी' लिहा, विषय संपला.

दोन, फाइल उघडण्याची पद्धत. 'आर' आणि 'आरबी' यांत लिनक्सवर काहीच फरक नाही, म्हणून लिनक्सवर वाढलेली मंडळी 'बी' लिहीत नाहीत. विंडोजवर 'आर' म्हणजे मजकुराची फाइल. तिथे १३ आणि १० या लागोपाठच्या बाइटचा एकच १० होतो आणि २६ किमतीचा बाइट आला की फाइल संपली असं समजलं जातं. कंपनांच्या नोंदीत २६ कुठेही येऊ शकतो. मग तासाभराची नोंद तीन मिनिटांत 'संपते' आणि विद्यार्थी सेन्सरला दोष देतो.

तीन, साधा 'चार'. तो चिन्हासकट की चिन्हाविना, हे सी कंपायलरवर सोडतं. इंटेलच्या मशिनवर बहुधा चिन्हासकट, एआरएमच्या लिनक्सवर, म्हणजे रास्पबेरी पायवर, चिन्हाविना. मिनीसीडच्या स्टाइम पद्धतीत दोन नमुन्यांमधले छोटे फरक एकेका बाइटमध्ये दाबून ठेवतात. उणे ३ हा फरक बाइटमध्ये २५३ असा दिसतो. लॅपटॉपवर तो उणे ३ वाचला जातो, पायवर अधिक २५३. फरकांची बेरीज करत पुढे जायचं असल्यामुळे तिथून पुढचा अख्खा आलेख वर सरकतो. गंमत म्हणजे या पद्धतीत शेवटच्या नमुन्याची किंमत आधीच लिहिलेली असते, ताळा करायला. आपण घरी लिहिलेल्या डिकोडरमध्ये तो ताळा करायचा सहज राहून जातो.

चांगलं कसं दिसतं

लिबएमसीडचा सोर्स वाचा. ते लिनक्स, मॅक आणि विंडोजवर चालतं. वेळ ६४-बिट पूर्णांकात नॅनोसेकंदांत ठेवतं, आणि कॅलेंडरचं गणित ऑपरेटिंग सिस्टीमवर न सोपवता स्वतः करतं. त्यामुळे १९६७ असो वा २०३८ नंतरचं साल, उत्तर सगळीकडे एकच येतं. बाइटचा क्रम बघून गरज असेल तिथे उलटवतं.

तरीही एक गोष्ट कुठलीही लायब्ररी करू शकत नाही. तुमच्या कॅटलॉगचा रकाना यूटीसीत आहे की भारतीय वेळेत, हे तिला माहीत नसतं. चुकीची वेळ पोर्टेबल कोडमध्ये घातली की सगळ्या मशिनवर एकसारखी चुकीची वेळ मिळते. कोडच्या पोर्टेबिलिटीचं कौतुक करणारे लेख हे सांगत नाहीत, ही माझी त्यांच्यावरची तक्रार.

आणि 'इफडेफ'चं जंगल माजवू नका. विंडोज असेल तर हे, मॅक असेल तर ते, असं प्रत्येक फंक्शनमध्ये लिहिलेला कोड प्रत्यक्षात तीन वेगळे प्रोग्राम असतो आणि तुम्ही तपासलेला असतो एकच. हेन्री स्पेन्सर आणि जेफ कॉलियर यांनी १९९२मध्येच याविरुद्ध लिहिलं होतं. जिथे सिस्टीमप्रमाणे फरक करणं अटळच असेल, तो एका फाइलमध्ये कोंडा आणि बाकीच्या कोडला त्याची खबरही लागू देऊ नका.

तुमच्यासाठी गृहपाठ

दिवसांचं गणित करणारं छोटं फंक्शन स्वतः लिहा, फक्त ६४-बिट पूर्णांक वापरून, 'एमकेटाइम'ला हात न लावता. यूटीसीतली वेळ घ्या, भारतीय वेळ फक्त छापताना करा. मग ते जीसीसी, क्लँग आणि मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरवर, सगळे इशारे चालू ठेवून, कंपाइल करा. जमलं तर एखाद्या रास्पबेरी पायवरही. तिन्ही-चारी ठिकाणी उणे ६,४९,७६,९४० यायला हवं.

आलं, तर त्यालाच पुढे १९ जानेवारी २०३८, यूटीसी ३ वाजून १४ मिनिटं ८ सेकंद ही वेळ द्या. ३२-बिट चिन्हासकट घड्याळ तिथे उलटतं. उत्तर २,१४,७४,८३,६४८ असं धन यायला हवं. ऋण आलं, तर तुमच्या कोडमध्ये कुठेतरी एक ३२-बिट चल लपलाय. तो शोधा, आणि मगच प्रबंधातल्या पहिल्या आलेखाला हात घाला.