वळणावरची शिरोरेषा: स्लाइडवरील वक्र शीर्षकांचे परीक्षण

प्रकल्पाच्या सादरीकरणात पहिल्या स्लाइडवरचे शीर्षक कमानीसारखे वळवणे ही विद्यार्थ्यांची आवडती सजावट आहे. पॉवरपॉइंटमध्ये मजकूर निवडून शेप फॉरमॅट, टेक्स्ट इफेक्ट्स, ट्रान्सफॉर्म, फॉलो पाथ असे गेले की काम होते. इंग्रजी शीर्षक त्यातून नीटनेटके बाहेर पडते. मराठी शीर्षकाची मात्र डोक्यावरची रेघ तुटते, आणि मग बरेच जण शीर्षकच इंग्रजीत करून मोकळे होतात. २०२१-२२ या शैक्षणिक वर्षापासून एआयसीटीईच्या परवानगीने काही महाविद्यालयांत मराठी, हिंदीसह भारतीय भाषांतून अभियांत्रिकीचे वर्ग सुरू झाले. अशा वेळी ही माघार किरकोळ मानता येणार नाही. दोष लिपीत आहे की साधनात, ते पाहू.

१. रेघ का तुटते?

रोमन अक्षरे आधाररेषेवर उभी असतात आणि एकमेकांपासून सुटी असतात. देवनागरी अक्षरे शिरोरेषेला लटकलेली असतात आणि तिनेच जोडलेली असतात. फॉलो पाथ प्रत्येक अक्षराचा तळ वक्रावर ठेवतो आणि अक्षर न वाकवता फक्त फिरवतो. त्यामुळे तळ एकमेकांना लागून राहतात आणि माथे पंख्यासारखे फाकतात.

फट किती पडते? अक्षराची रुंदी w, तळापासून शिरोरेषेपर्यंतची उंची h आणि वक्राची त्रिज्या R असेल, तर शेजारच्या दोन अक्षरांत w/R रेडियनचा कोन पडतो आणि शिरोरेषेत सुमारे hw/R एवढी फट पडते. w = १ सेंमी, h = १ सेंमी, R = १० सेंमी धरा. फट १ मिलिमीटर. सुमारे ३४ सेंमी रुंदीची स्लाइड २ मीटर रुंद पडद्यावर गेली की ती जवळपास ६ मिलिमीटर होते, तीही प्रत्येक अक्षरानंतर. इंग्रजीतही माथे तितकेच फाकतात, पण तिथे अक्षरांमध्ये आधीच मोकळी जागा असल्याने ते खटकत नाही.

वक्र उलटा, म्हणजे वाटीसारखा केला तर माथे जवळ येतात आणि रेघा एकमेकींवर चढतात.

२. ठिगळ आणि त्याचा धोका

यावर एक सोपा उपाय सुचतो: त्याच रंगाची, त्याच जाडीची कमान काढून ती अक्षरांच्या डोक्यावर ठेवायची. फटी बुजतात, पण मजकूर बिघडतो. भ, ध आणि थ यांच्या डोक्यावरची रेघ मुळातच अपुरी असते आणि तोच त्यांच्या ओळखीचा भाग आहे. वरून सलग रेघ ओढली की ‘भारत’ हा ‘मारत’सारखा दिसतो आणि ‘धन’चे ‘घन’ होते. सजावटीने शब्द बदलला, तर ती सजावट उरत नाही, ती मुद्रणदोष होते.

३. साधनांतली उणीव

वक्र शिरोरेषेवर ठेवून अक्षरे त्याला लटकवली, तर माथे जवळपास जुळतात. दर सांध्याला सुमारे ५.७ अंशांचा कोन राहतो, पण फट राहत नाही. ही कल्पना नवीन नाही. ओपनटाइप आणि एसव्हीजी या दोन्ही मानकांत ‘हँगिंग’ आधाररेषेची तरतूद आहे. इलस्ट्रेटरमध्ये अक्षराचा कोणता भाग वक्रावर ठेवायचा ते निवडता येते: असेंडर, डिसेंडर, सेंटर, बेसलाइन. या यादीत शिरोरेषा नाही. देवनागरीत असेंडरची पातळी मात्रा आणि रफारासाठी शिरोरेषेच्याही वर जाते, म्हणून तो पर्याय पुरेसा ठरत नाही. मानकात जागा आहे, मेनूत नाही. माझा आक्षेप इथे आहे.

४. नाण्यावरचा वक्र

२०२३ मध्ये दिल्लीतील नव्या संसद भवनाच्या निमित्ताने ७५ रुपयांचे स्मृतिनाणे काढले गेले. ४४ मिलिमीटर व्यासाच्या या नाण्यावर वरच्या परिघाला ‘संसद संकुल’ हे शब्द देवनागरीत आणि खालच्या परिघाला त्यांचे इंग्रजी रूप आहे. इथे वक्राला कारण आहे: नाणे गोल आहे आणि मधली जागा चित्राला हवी आहे. शिवाय मजकूर दोनच शब्दांचा आहे. स्लाइड आयताकृती असते. तिथे ‘सौरऊर्जेवर चालणाऱ्या सिंचनपंपाचे नियंत्रण’ असे लांबलचक शीर्षक वळवण्यामागे ‘उठून दिसावे’ यापलीकडे कारण नसते. त्यात वाचणाऱ्याला प्रत्येक अक्षर वेगळ्या कोनातून पाहावे लागते.

५. मग करावे काय?

- वक्र फक्त दोन-तीन शब्दांना द्या: चमूचे नाव, गोल बोधचिन्ह, चाकाच्या किंवा तबकडीच्या आकृतीवरचे नाव. मुख्य शीर्षक सरळ ठेवा.
- त्रिज्या मोठी घ्या. वरच्याच अक्षरांसाठी R = ४० सेंमी घेतली तर फट पाव मिलिमीटरवर येते. २० सेंमी लांबीचा मजकूर तेव्हा मध्यभागी सुमारे सव्वा सेंमी उचललेला दिसतो. डोळ्याला वळण जाणवायला तेवढे पुरते.
- फॉलो पाथऐवजी त्याखालचा वॉर्प गट वापरून पाहा. तिथे सगळ्या शब्दाची बाह्यरेषा वाकते, त्यामुळे शिरोरेषा सलग राहते. अक्षरे थोडी ताणली जातात, म्हणून परिणाम सौम्य ठेवा.
- अधिक नेमके काम हवे असेल तर इंकस्केपमध्ये मजकुराचे पाथमध्ये रूपांतर करून ‘बेंड’ हा परिणाम द्या. मात्र त्यानंतर तो मजकूर राहत नाही, चित्र होते. स्लाइडवर ठेवल्यावर त्याला पर्यायी मजकूर जोडा, म्हणजे दृष्टिहीन विद्यार्थ्याचा स्क्रीन रीडर तो वाचू शकेल.
- वळवलेल्या शब्दातील अक्षरांमधले अंतर वाढवू नका. सरळ ओळीतही त्याने शिरोरेषा तुटते.

सराव

१. ‘भारत’, ‘धरण’, ‘घर’ हे शब्द फॉलो पाथ आणि वॉर्प या दोन्ही पद्धतींनी वळवा. वर्गाच्या शेवटच्या बाकावरून कोणते वाचता येतात ते नोंदवा.

२. w = १.२ सेंमी, h = १ सेंमी असताना फट अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी ठेवायची असेल, तर त्रिज्या किमान किती हवी?

३. तुमच्या महाविद्यालयाच्या बोधचिन्हात देवनागरी मजकूर वक्र असेल तर तो तळावर उभा आहे की शिरोरेषेला लटकलेला, ते तपासा आणि पाच ओळींत मत मांडा.