शाळेला दहापैकी नऊ, पण शिकवण्याला किती?

अमेरिकेत घर शोधणाऱ्या मराठी कुटुंबांच्या गप्पा ऐकल्यात का कधी? एडिसन असो नाहीतर फ्रीमाँट, बेडरूम किती आणि गराज केवढं हे झालं की पुढचा प्रश्न ठरलेला: "मिडल स्कूल कितीचं आहे?" कसं आहे असं कुणी विचारत नाही. आठचं की नऊचं, एवढंच विचारतात.

हा आकडा बहुतेक वेळा ग्रेटस्कूल्सचा असतो. १९९८ मध्ये सुरू झालेली ही ना-नफा संस्था शाळांना १ ते १० गुण देते, आणि झिलोसारख्या साइटवर ते गुण घराच्या किमतीच्या जवळच दिसतात. आज या आकड्याचं जरा परीक्षण करू. तो खोटा आहे असं मला म्हणायचं नाही. तो ज्या प्रश्नाचं उत्तर आहे, तो प्रश्न तुम्ही विचारलेलाच नाही, असं माझं म्हणणं आहे.

एक काल्पनिक उदाहरण घ्या. 'अ' शाळेत सहावीला येणाऱ्या १०० मुलांपैकी ७० जण आधीच गणितात 'पास'च्या रेषेवर आहेत. आठवीअखेर ते ७२ होतात. 'ब' शाळेत २५ जण रेषेवर येतात आणि जाताना ४५ असतात. निकालाच्या तक्त्यात 'अ' खूप वर, 'ब' खूप खाली. आता सांगा, तीन वर्षांत जास्त शिकवलं कुणी?

मिडल स्कूलच्या बाबतीत हा घोळ जास्तच होतो. मूल तिथे येतं तेव्हा अकरा वर्षांचं असतं. घरातली पुस्तकं, आईवडिलांचं शिक्षण, शिकवण्या, आधीची प्राथमिक शाळा, हे सगळं घेऊन ते येतं. आठवीचा निकाल म्हणजे या सगळ्याची बेरीज, आणि आपण ती अख्खी बेरीज शेवटच्या तीन वर्षांच्या नावावर जमा करतो.

संशोधन काय म्हणतं? स्टॅनफर्डचे शॉन रिअर्डन यांनी देशभरातल्या शाळा-जिल्ह्यांचे तिसरी ते आठवीचे निकाल एका मापावर आणले. सरासरी गुण आणि कुटुंबांची आर्थिक स्थिती यांचा संबंध अतिशय घट्ट निघाला. मुलं वर्षागणिक किती पुढे सरकतात, याचा त्या स्थितीशी संबंध मात्र बराच सैल. शिकागोचं उदाहरण तर गाजलंच. तिथल्या मुलांचे सरासरी गुण देशाच्या सरासरीखाली होते, पण २००९ ते २०१४ या पाच वर्षांत त्यांनी सुमारे सहा वर्षांइतकी प्रगती केली.

यावर तुम्ही म्हणाल, "ठीक आहे, मग प्रगतीचाच आकडा बघू." चांगला विचार आहे, पण तिथेही शंका उरते. जागरूक पालक ठरावीक शाळाच निवडत असतील, तर प्रगतीतही त्यांचाच वाटा नसेल कशावरून?

या शंकेचा माग जोशुआ अँग्रिस्ट, पीटर हल, पराग पाठक आणि ख्रिस्तोफर वॉल्टर्स या अर्थशास्त्रज्ञांनी काढला. न्यूयॉर्क आणि डेन्व्हर या शहरांत शाळाप्रवेश केंद्रीय पद्धतीने होतात. अर्ज जास्त आणि जागा कमी असल्या की काही वेळा सोडत लागते. म्हणजे सारख्याच पसंतीक्रमाची दोन मुलं, एकाला शाळा मिळाली, दुसऱ्याला नाही, आणि फरक फक्त नशिबाचा. अशा मुलांची तुलना केली की शाळेने स्वतः घातलेली भर वेगळी काढता येते. निष्कर्ष असा: गोऱ्या मुलांचं प्रमाण जास्त असलेल्या शाळांचं मानांकन वरचं असतं खरं, पण त्या शाळांनी घातलेल्या भरीचा त्या प्रमाणाशी जवळपास काहीच संबंध नाही.

ग्रेटस्कूल्सनेही पद्धत बदलली, हे नोंदवायला हवं. २०१७ मध्ये त्यांनी प्रगती आणि समता यांचे आकडे मिसळले, २०२० मध्ये प्रगतीचं वजन वाढवलं. पण शेवटी ही भेळच. सगळं कालवून एक आकडा केला की त्यात चिंच किती आणि मिरची किती हे खाणाऱ्याला कळत नाही.

निकालाशेजारचा 'विद्यार्थी कोण' हा रकानाही भाबडेपणाने वाचू नका. गरिबी मोजायला वर्षानुवर्षं मोफत किंवा सवलतीच्या जेवणाचा आकडा वापरला जातो. पण २०१४ पासून देशभरात, ठरावीक प्रमाणात गरीब मुलं असलेल्या शाळेला सरसकट सगळ्यांना मोफत जेवण देता येतं. न्यूयॉर्क शहराने तर २०१७ पासून सगळ्याच सरकारी शाळांत ते सुरू केलं. जेवण सगळ्यांना मिळायला लागलं ही उत्तम गोष्ट, पण तेवढ्यावरून गरीब किती हे कळेनासं झालं. 'एशियन' रकान्याचंही तेच. सॉफ्टवेअर इंजिनियरची मुलगी आणि बांगलादेशी टॅक्सीचालकाचा मुलगा एकाच खान्यात.

हे सगळं पुस्तकी वाटतंय? शरीक हसन आणि अनुज कुमार यांच्या अभ्यासात असं दिसलं की शाळांचे गुण ऑनलाइन सहज मिळायला लागल्यावर वस्त्यावस्त्यांमधली घरकिमतींची आणि उत्पन्नाची दरी आणखी वेगाने वाढली. माहिती सगळ्यांना मिळाली, पण ती वापरून घर बदलणं ऐपतवाल्यांनाच जमलं. म्हणजे नऊच्या शाळेकडे धावणारी कुटुंबंच तिला नऊवर ठेवतात, आणि चारची शाळा चारवर राहते.

यातून बाहेर पडायचे प्रयत्नही झालेत. ब्रुकलिनच्या डिस्ट्रिक्ट १५ मध्ये २०१९ पासून मिडल स्कूलसाठी गुण आणि हजेरी बघून मुलं गाळायची पद्धत बंद झाली. सोडत आली, आणि ५२ टक्के जागांवर गरीब, बेघर आणि इंग्रजी शिकत असलेल्या मुलांना प्राधान्य मिळालं. ज्या शाळांचा नावलौकिक निवडून घेतलेल्या मुलांवर उभा होता, त्यांना आता आलेल्या मुलांना शिकवून तो टिकवायचा होता.

मग तुम्ही काय करायचं? न्यू जर्सीत असाल तर राज्याचा शाळा-अहवाल उघडा आणि 'स्टुडंट ग्रोथ' हा भाग शोधा. आधी सारखेच गुण असलेल्या राज्यभरातल्या मुलांच्या तुलनेत या शाळेची मुलं किती सरकली, हे तिथे दिसतं. ५० म्हणजे मधोमध. एकाच वर्षाचं बघू नका, दोन-तीन वर्षांचं बघा, कारण लहान शाळेत हा आकडा बराच हेलकावतो.

आणि शाळा बघायला गेलात तर मुख्याध्यापकांना एक प्रश्न जरूर विचारा: "सहावीत मागे पडलेलं मूल आलं, तर तुम्ही नेमकं काय करता?" तुमचं मूल हुशार असलं तरी विचारा. या उत्तरातून त्या शाळेला शिकवता येतं की नाही, ते बरंचसं कळेल.