एका शासन निर्णयाचं वाचन

शासन निर्णय कुणी समीक्षेसाठी वाचत नाही. मी आज एक तसा वाचणार आहे. वित्त विभागाचा, ४ मे २०२०चा.

मार्च २०२०मध्ये विधिमंडळाने अर्थसंकल्प मंजूर केला. कोणत्या खात्याला किती, हे सभागृहात ठरलं. दोन महिने होत नाहीत तोच हा कागद आला: तरतुदीच्या ३३ टक्केच निधी मिळेल, नवी कामं नकोत, आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण सोडून नवी भरती बंद. कोरोना होता, तिजोरी आटली होती, राजकीय संमतीही होती, सगळं कबूल. पण पुढे वाचा. कोणत्या योजना थांबवायच्या? विभागांनी आढावा घ्यावा आणि पुढे ढकलण्यासारख्या, रद्द करण्यासारख्या योजना शोधाव्यात. म्हणजे निवड सभागृहातून उठली आणि कक्षात जाऊन बसली.

कापलेला पैसा पुढच्या वर्षी परत येतो हो. न भरलेलं पद जास्त खोल जातं. अर्ज घ्यायला टेबलावर माणूस नाही, म्हणून अर्ज नाहीत. वर अहवाल जातो, 'मागणी नाही'. मग तरतूदच कमी होते. योजना कुणीच बंद केलेली नसते.

आपल्या घुग्घुसचंच बघा ना. त्याच वर्षाच्या अखेरीस ग्रामपंचायतीची नगर परिषद झाली. कोळसा, सिमेंट, एवढी वस्ती. मागणी जुनी आणि रास्त होती. अधिसूचना एका दिवसात निघते. नगर परिषद चालते मात्र आकृतिबंधावर. अभियंते किती, लिपिक किती, सफाई कामगार किती, याला मंजुरी शासनाची. मुख्याधिकारी राज्याचा. पहिली काही वर्षं नगराध्यक्षही नव्हता, प्रशासकच होता. नालीसाठी भांडायचं कुणाशी?

याच राज्यात उलटंही घडलंय. आदिवासी उपयोजनेचा पैसा पूर्वी खात्याखात्यांत विखुरलेला असे. सुकथनकर समितीनंतर, नव्वदच्या दशकात, तो आदिवासी विकास विभागाच्या हाती आला. (सुकथनकर स्वतः मुख्य सचिव राहिलेले; तेव्हा माझं भांडण अधिकारी या माणसाशी नाही.) २०१५पासून त्यातला ५ टक्के निधी पेसा क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना थेट मिळतो, आणि तो कशावर खर्चायचा हे गडचिरोलीतली ग्रामसभा ठरवू शकते. फक्त बांधकाम ठरवलं, की तांत्रिक मान्यता लागते. ती देणारा अभियंता ग्रामसभेच्या हाताखाली नसतो, आणि त्याची खुर्ची रिकामी असली की फाईल तिथेच थांबते.