दोन गायक आणि एक मापदंड

सुशिक्षित मराठी घरांत राजकारणाइतक्याच हिरीरीनें चालणारा दुसरा वाद कोणता, असें कोणी विचारल्यास तो गायकांच्या जोड्यांचा, असेंच उत्तर द्यावें लागेल. बालगंधर्व कीं दीनानाथ, लता कीं आशा, रफी कीं किशोर, हे प्रश्न आजोबांकडून नातवंडांपर्यंत चालत आलेले आहेत. तबकडी जाऊन खिशांतलें यंत्र आलें, तरी वादाची रीत बदललेली नाहीं. एक पक्ष आपल्या आवडत्या गायकाचीं चार गाणीं पुढें करतो, दुसरा पक्ष दुसरीं चार पुढें करतो, आणि पानें वाढलीं गेलीं म्हणजे घरांतील एखादी वडील व्यक्ति 'दोघेही आपापल्या ठिकाणीं श्रेष्ठच' असा निवाडा देऊन सर्वांस पाटावर बसविते.

हा निवाडा सभ्य आहे यांत संशय नाहीं. परंतु रसिकतेच्या दृष्टीनें तो आम्हांस घातक वाटतो. दोघेही श्रेष्ठ आहेत हें वादी-प्रतिवादी दोघांनाही ठाऊकच असतें. तसें नसतें तर वादच उत्पन्न झाला नसता. बालगंधर्वांची तुलना एखाद्या बेसूर नटाशीं करण्यांत कोणी आपला वेळ दवडीत नाहीं. खरा प्रश्न असा असतो, कीं ज्या ठिकाणीं या दोन थोरांचे मार्ग वेगळे होतात, त्या ठिकाणीं आपण कोणाच्या मागून जावयाचें, आणि कां? या 'कां'चें उत्तर शोधतांना कान जितके तयार होतात, तितके ते नुसत्या वाहवेनें होत नाहींत. कलेंत चढाओढ कशाला, असें म्हणणाऱ्या सज्जनांस आमचें एवढेंच सांगणें आहे, कीं संध्याकाळीं घटकाभर मोकळीक मिळाली असतां त्यांचा हात ज्या गाण्याकडे वळतो, त्या गाण्याची निवड त्यांनीं दुसरें एखादें गाणें बाजूस सारूनच केलेली असते. कौल तर ते रोज देत असतात. फक्त त्याचें कारण सांगण्याची जबाबदारी त्यांना नको असते.

तथापि कारणें सांगणाऱ्यांचीही एक खोड आहे, आणि ती आम्हांस अधिक चिंतनीय वाटते. लताबाईंचा कैवार घेतांना जो गृहस्थ सुराच्या निर्मळपणास सर्वस्व मानतो, तोच घटकाभरानें किशोरकुमारांचा कैवार घेतांना 'शास्त्र कोणाला हवें आहे, मोकळेपणा पाहा' असें म्हणूं लागतो. जो आशाबाईंच्या गाण्यांतील विविधतेवर लुब्ध असतो, तोच रफींच्या विविधतेला 'नाटकीपणा' म्हणून हिणवितो. गिऱ्हाईक पाहून माप बदलणाऱ्या वाण्याला आपण नांवें ठेवतों. पण जोडी बदलतांच आपलाही मापदंड बदलतो, हें आपल्या लक्षांतही येत नाहीं. म्हणून आम्हीं असें ठरविलें आहे, कीं मापदंड प्रथम सांगावा, तो तिन्ही जोड्यांना सारखाच लावावा, आणि तो लावल्यानें जें पदरांत पडेल तें निमूटपणें घ्यावें.

तो मापदंड कोणता? नाट्यपद असो वा चित्रपटगीत असो, तें कोणा एका व्यक्तीच्या मुखांतून एका विशिष्ट प्रसंगीं बाहेर पडावें म्हणून रचलेलें असतें. मैफलींतील ख्याल हा गायकाचा स्वतःचा असतो. त्यांत रागच नायक. नाट्यपदाचें व चित्रपटगीताचें तसें नाहीं. तेव्हां ज्याच्या कंठांतून त्या पदांतील व्यक्ति आम्हांस ऐकूं येते, त्याला आमचा कौल. हा मापदंड आमच्या लहरीचा नसून या गीतप्रकारांच्या जन्मकथेंतूनच निघालेला आहे, असा आमचा दावा आहे.

पहिली जोडी बालगंधर्व आणि मास्टर दीनानाथ यांची. नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व हे १९०५ सालीं किर्लोस्कर मंडळींत आले, आणि १९१३ सालीं गंधर्व नाटक मंडळी निघाली. दीनानाथ मंगेशकर यांची बलवंत संगीत मंडळी १९१८ सालची. दीनानाथांचा आवाज टोकदार आणि चढा. त्यांची तान कोठून उठेल आणि कोठें जाऊन कोसळेल याचा नेम नसे. 'रणदुंदुभि' आणि 'संन्यस्त खड्ग' यांतील त्यांच्या मुद्रिका ऐकतांना अंगावर कांटा उभा राहतो तो या बेदरकारपणामुळेंच. उलट बालगंधर्वांचें सारें सामर्थ्य लयींत. भास्करबुवा बखले यांच्या तालमींत तयार झालेलें 'स्वयंवरा'तील (१९१६) एखादें पद घ्यावें. शब्द लयीच्या अंगानें असा हलकेच टाकलेला असतो, कीं तो बोलल्यासारखा वाटावा आणि तरीही गाण्याच्या धाग्यांतून सुटूं नये. रुक्मिणी गाते आहे, इतकेंच नव्हे तर ती कोणाला उद्देशून गाते आहे, हेंही कळतें. जुन्या तबकडीच्या तीन-सव्वातीन मिनिटांत एवढें सांगणें हें सामान्य काम नव्हे.

आमच्या मापदंडानें पहिला कौल बालगंधर्वांना जातो. मात्र त्याची किंमत मोजली पाहिजे. 'वन्समोअर'च्या गजरांत त्यांचें पद लांबत जाई, आणि जसजसें तें लांबे तसतशी रुक्मिणी मागें राहून गायक पुढें येई. शिवाय भामिनी, रुक्मिणी आणि 'एकच प्याल्या'तील सिंधु या तिघींच्याही गाण्यांत एकच कुलीन, मृदु आणि मानी स्त्री वावरत असते, असें कोणी म्हटल्यास आम्हांस तें सर्वस्वीं नाकारतां येणार नाहीं. दीनानाथांच्या पक्षाचीही एक गोष्ट खरी आहे. धैर्यधरासारख्या वीराच्या मुखीं ती उसळती तान शोभते, कारण तेथें तान हेंच त्याचें शौर्य असतें. पुढें ही गायकी आपलीशी करणारे वसंतराव देशपांडे यांनीं 'कट्यार काळजात घुसली' या १९६७ च्या नाटकांत खाँसाहेबांची भूमिका केली, तेव्हां हा मार्ग किती सार्थ होऊं शकतो तें दिसून आलें. कारण तें पात्रच मुळीं गवई. त्याची तान म्हणजे त्याचें संभाषण. परंतु सर्वच पात्रें गवई नसतात.

दीनानाथांच्या घरांतूनच दुसरी जोडी निघाली. दोन सख्ख्या बहिणी, एकच घराणें, एकच संस्कार, आणि तरीही निवड करावी लागते, हेंच या जोडीचें वैशिष्ट्य. येथें आमचा मापदंड आम्हांसच जड जातो. लता मंगेशकर यांचा सूर हा विसाव्या शतकांतील एक नवल आहे. १९४९ च्या 'महल'पासून तो जो लोकांच्या कानीं बसला तो बसलाच. मदनमोहन यांच्या गझला त्यांनीं गाव्या आणि दुसऱ्या कोणी गाऊं नयेत, असें वाटावें इतका तो परिपूर्ण. परंतु त्या गाण्यांत व्यक्ति कोणाची ऐकूं येते? आम्हांस तरी प्रत्येक वेळीं लताबाईंचीच येते. १९८९ सालीं, साठीच्या उंबरठ्यावर असतांना, त्यांनीं 'मैंने प्यार किया' या चित्रपटांत अगदीं तरुण मुलीसाठीं गायन केलें आणि तें लोकांनीं डोक्यावर घेतलें. याचा अर्थ असा, कीं त्या सुराला वय नव्हतें. आणि ज्याला वय नाहीं त्याला एखाद्या विशिष्ट स्त्रीचें सुखदुःखही पूर्णपणें चिकटत नाहीं. नायिका कोणीही असो, गाणें सुरू झालें कीं ती एका निर्मळ उंचीवर जाऊन बसते.

आशाबाई ती उंची सोडून खालीं उतरतात. ओ. पी. नय्यर यांनीं लताबाईंचा आवाज कधींच घेतला नाहीं. त्यांच्या गाण्यांतील ठसका, लाडिकपणा आणि थट्टा आशाबाईंनीं उचलली. 'तीसरी मंझिल'मध्यें (१९६६) राहुलदेव बर्मन यांच्या चालींवर त्यांनीं क्लबांतील नर्तिकेचा श्वासही गाण्यांत आणला. आणि १९८१ च्या 'उमराव जान'मध्यें खय्याम यांनीं त्यांना नेहमींपेक्षां खालच्या पट्टींत गावयास लावलें, तेव्हां त्याच कंठांतून लखनौची एक थकलेली, सुसंस्कृत, स्वतःचें दुःख अदबीनें सांगणारी स्त्री बाहेर आली. क्लबांतील नर्तिका आणि ही उमराव यांना कोणी एकच समजणार नाहीं. म्हणून दुसरा कौल आशाबाईंना.

हा कौल आमच्या मनाला सुखानें मानवतो असें मात्र नव्हे. रात्रीं दिवा मालवल्यावर आम्ही जें गाणें लावतों, तें पुष्कळदां लताबाईंचेंच असतें. यांत विसंगति नाहीं. आवडीला कारण विचारूं नये. पण आवडीचा कैवार घेऊन चार लोकांत उभें राहिलें, कीं कारण द्यावेंच लागतें, आणि जें कारण देतां येत नाहीं त्याला कौल म्हणतां येत नाहीं. शिवाय हाच मापदंड एका ठिकाणीं लताबाईंच्या बाजूनें झुकतो, हेंही सांगितलें पाहिजे. हृदयनाथ मंगेशकर यांनीं स्वरबद्ध केलेल्या ज्ञानेश्वरांच्या रचना घ्या. तेथें गाणारी व्यक्ति ही अमुक गांवची, अमुक वयाची स्त्री नाहीं. तेथें जीवच बोलत आहे. त्या जीवाला वय नसणें, गांव नसणें हेंच योग्य. लताबाईंच्या सुराचा जो गुण चित्रपटांत नायिकेला झांकून टाकतो, तोच येथें पदाचा अर्थ होऊन बसतो.

तिसरी जोडी महंमद रफी आणि किशोरकुमार. हे दोघे अनुक्रमें १९८० व १९८७ सालीं निवर्तले. पण त्यांचे पक्ष आजही तसेच उभे आहेत. किशोरकुमारांच्या बाजूनें बोलतांना त्यांच्या आवाजांतील खोली, ठेहराव आणि अकृत्रिमपणा यांचा उल्लेख होतो, आणि तो सर्वथा योग्य आहे. शास्त्रीय तालीम नसतांना हा गृहस्थ दुःखाचें गाणें एक टिपूस न गाळतां गातो, आणि ऐकणाऱ्याचे डोळे मात्र भरून येतात. १९६९ च्या 'आराधना'नंतर तरुणांच्या मनांवर त्यांनीं जें राज्य केलें तें याच बळावर. रफींच्या गाण्यांत कधीं कधीं भावना गरजेपेक्षां अधिक ओथंबते, हा आक्षेपही आम्हांस मान्य आहे.

परंतु १९५७ चा 'प्यासा' घ्या. सचिनदेव बर्मन यांच्या त्या चित्रपटांत जगाला विटलेल्या कवीसाठीं रफी गातात, आणि त्याच चित्रपटांत जॉनी वॉकर यांनीं रंगविलेल्या तेलमालिशवाल्यासाठींही रफीच गातात. एकाच्या आवाजांत सर्व समाजावरचा धिक्कार, तर दुसऱ्याच्या आवाजांत रस्त्यावरच्या गिऱ्हाईकाला घातलेली खुशाल हांक. चित्र न पाहतां नुसतें ऐकलें तरी दोन माणसें डोळ्यांपुढें उभीं राहतात. किशोरकुमारांचें गाणें देव आनंद यांच्या मुखीं असो, राजेश खन्नांच्या असो कीं अमिताभ बच्चन यांच्या असो, आम्हांस प्रथम भेटतात ते किशोरकुमारच. 'पडोसन'मध्यें (१९६८) ते स्वतःच पडद्यावर असल्यामुळें गायक आणि पात्र यांत अंतर उरत नाहीं, आणि म्हणूनच तेथें ते आमच्या मापदंडालाही पुरून उरतात. गंमत अशी, कीं 'रागिणी' (१९५८) या चित्रपटांत पडद्यावर किशोरकुमार आणि त्यांच्यासाठीं आवाज रफींचा, असाही प्रसंग येऊन गेलेला आहे. मराठींत श्रीकांत ठाकरे यांच्या चालींवर रफींनीं जीं गीतें गाइलीं, त्यांतही मातृभाषा नसलेला हा गायक शब्दाच्या मागील माणूस शोधीत असल्याचें जाणवतें. तिसरा कौल रफींना.

येथें कोणी म्हणेल, कीं तुमचा मापदंडच आम्हांस मान्य नाहीं. आम्ही गाण्यांत पात्र शोधीत नाहीं, आम्हांस सूर हवा. असें म्हणणाऱ्याचें आम्ही मनःपूर्वक स्वागत करूं. सूर हाच मापदंड मानला तर लताबाईंना कौल मिळेल, यांत शंका नाहीं. मात्र त्यानें तोच मापदंड घेऊन पुढें किशोरकुमारांकडे यावें आणि मागें दीनानाथांकडेही जावें, आणि जो निकाल लागेल तो आपल्या आवडीविरुद्ध असला तरी बोलून दाखवावा. तसें झाल्यास त्याचा व आमचा वाद हा दोन गायकांचा न राहतां गाणें कशासाठीं असतें या मूळ प्रश्नाचा होईल.

घरांतील वादाला हेंच वळण लागावें अशी आमची इच्छा आहे. आज वडील पिढी आपल्या तारुण्याचा कैवार घेते आणि तरुण पिढी आपल्या तारुण्याचा. गायक हें केवळ निमित्त. अशा वादांत हार-जीत वयावरून ठरते, आणि मुलांना त्यांतून शिकण्यासारखें कांहींच हातीं लागत नाहीं. वडिलांनीं आपला मापदंड सांगून मुलाच्या आवडत्या गायकाला तो प्रामाणिकपणें लावून दाखविला, आणि मुलानेंही तेंच केलें, तर दोघांनाही एकमेकांचीं गाणीं अखेरपर्यंत लक्ष देऊन ऐकावीं लागतील. पानें थोडीं उशिरां वाढलीं जातील. पण तेवढा उशीर घरांतील वडील मंडळींनीं पोटांत घालावा, अशी आमची त्यांना विनंति आहे.